दुसरं ताट

बाळीवेशीजवळच्या ज्ञानदीप वाचनालयात पुस्तकं परत करायला येणारी माणसं बहुतेक मुकीच असत. पुस्तक टेबलावर ठेवायचं, शिक्का मारून घ्यायचा, दुसरं उचलायचं आणि चालू लागायचं. फार तर कुणी 'बरं होतं' म्हणे. दाक्षायणी तिथं ग्रंथपाल म्हणून लागली त्याला बरीच वर्षं झाली होती आणि ती या शांततेला सरावली होती. पण दुष्काळ सरला त्या वर्षी, श्रावणाच्या तोंडाला, पुण्याहून आलेल्या गठ्ठ्यात 'विहिरीवरची साक्ष' नावाच्या कादंबरीच्या चार प्रती निघाल्या आणि वाचनालयाला कंठ फुटला.

पुस्तक हातात घेतलं की खाली ठेववत नाही, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं चौघांना. गोष्ट तशी सरळ होती. महिपती नावाचा एक तापट बागायतदार स्वतःच्याच विहिरीत मरून पडलेला सापडतो. बायकोवर, राजाबाईवर, खुनाचा खटला उभा राहतो. साक्षीदार एकटा सिदू धनगर. तो सांगतो, मी माळावर मेंढरं चारत होतो, विहिरीच्या कठड्यावर मला दोघं दिसली, आणि जरा वेळानं एकच दिसलं. मग बचावाचा वकील उलटतपासणी घेतो आणि मावळतीचा सूर्य सिदूच्या थेट डोळ्यांवर होता हे असं काही बाहेर काढतो, की वाचणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. राजाबाई सुटते. अख्ख्या खटल्यात ती एक शब्द बोलत नाही. न्यायाधीश विचारतात तेव्हा एवढंच म्हणते, "मला काही सांगायचं नाही."

आणि शेवटच्या पानावर ती घरी येते, चूल पेटवते, भाकरी थापते, दोन ताटं मांडते आणि उंबऱ्याकडे बघत बसते. पुस्तक संपलं.

"बाई, ह्याची म्होरली पानं कुटं हायत?" मिलमध्ये मागावर असलेल्या भीमानं पुस्तक टेबलावर आपटून विचारलं होतं. दाक्षायणीनं त्याला शिवण उघडून दाखवली. एकही पान गेलेलं नव्हतं.

"मग दुसरं ताट कुणाचं?"

"मलाही ठाऊक नाही, भीमा."

"तुमी एवढी पुस्तकं संबाळता आन् ठाऊक न्हाय व्हय!" तो खरोखरच नाराज होऊन गेला.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी टेबलाला टेकून उभं राहू लागलं. बँकेतले एक साहेब म्हणाले, ताट वकिलाचं, दुसऱ्या कुणाचं असणार? कॉलेजातल्या एका मुलीचं ठाम मत होतं की ते सिदूचं. त्यानं मुद्दाम कच्ची साक्ष दिली, दोघांचं आधीच ठरलेलं होतं. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, सवय हो बाई, वडील गेल्यावर आमची आई कितीतरी दिवस दोन कप चहा ठेवायची. एका पोलीस हवालदारानं ताटाच्या भानगडीत न पडता निकाल दिला की बाईनंच ढकलला, आम्ही असल्या लई बघितल्यात. ज्यांचं वाचून व्हायचं होतं ते हे बोलणं कानावर पडू नये म्हणून वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे पळत.

दाक्षायणी सगळं ऐकून घेई. तिला गंमत वाटे. या लोकांनी आजवर इथून शेकडो पुस्तकं नेली होती, पण त्यांच्या डोक्यात काय चालतं हे तिला आत्ता पहिल्यांदा ऐकू येत होतं. ज्याला जे ताट दिसे, त्यात त्याच्या घरचंच काहीतरी वाढलेलं असे.

मग एका प्रतीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीचे शेरे उमटले. आधी बारीक अक्षरात 'सिदूचे' असं. त्याखाली 'खोटे!' त्याखाली तिसऱ्याच हातानं, 'राजाबाई निर्दोष आहे, पुस्तक नीट वाचा.' कडेच्या कोऱ्या जागेत कुणी विहिरीचा नकाशाच काढला होता, सूर्य आणि मेंढरांसकट.

वाचनालयाचे अध्यक्ष मडिवाळप्पा मास्तर म्हणजे शिस्तीचा माणूस. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले तरी करडेपणा निवृत्त झाला नव्हता. त्यांनी ते पान बघितलं आणि कमिटीच्या बैठकीत पुस्तक वर धरलं. "ही वाचनालयाची मालमत्ता आहे की शाळेतली मुतारी?"

कमिटीत ईश्वरप्पा वकील होते. तरुण, बोलके, आणि प्रॅक्टिस बेताची असल्यामुळे असल्या कामांना मोकळे. ते म्हणाले, "मास्तर, लोकांना बोलायचंय. त्यांना बोलायला जागा द्या. आपण अभिरूप न्यायालय भरवू. राजाबाईवर पुन्हा खटला चालवू. तुम्ही न्यायाधीश, मी सरकारी वकील. निकाल वाचकांनी द्यायचा."

मास्तरांचा चेहरा आधी आंबट झाला. पण न्यायाधीशाची खुर्ची आपल्याला आहे हे ध्यानात आल्यावर हळूहळू निवळला.

माणसं जमली. बचावाला बँकेतले साहेब तयार झाले, सिदू व्हायला भीमा आनंदानं उभा राहिला. अडलं ते राजाबाईपाशी. नवऱ्याचा जीव घेतल्याचा आळ असलेली बाई व्हायला एकही बाई पुढे येईना. कॉलेजातल्या मुलीला तिच्या वडिलांनी नको सांगितलं. एका शिक्षिकाबाईंना त्याच दिवशी कुर्डुवाडीला जायचं निघालं.

शेवटी मास्तर दाक्षायणीकडे वळले. "तुम्हीच उभ्या राहा. बोलायचं काहीच नाही, गप्प तर बसायचंय."

"गप्प नाही," ईश्वरप्पा म्हणाले. "आरोपीला बोलायची सक्ती करता येत नाही, ते खरं. पण स्वतःहून साक्षीला उभी राहिली तर मला तिला प्रश्न विचारता येतात. पुस्तकात ती उभी राहिली नाही. आपल्या कोर्टात राहू दे की. बोर्डावर लिहू, राजाबाई बोलणार! हॉल पुरणार नाही."

दाक्षायणी 'विचारून सांगते' म्हणाली. पण घरी जाताना तिच्या ध्यानात आलं की आपलं मनातून ठरून गेलंय.

घरी चनबसप्पा, तिचा नवरा, नुकताच चादरीच्या दुकानातून येऊन हातपाय धूत होता. त्यानं ऐकलं आणि तांब्या तसाच हातात राहिला.

"नवऱ्याला विहिरीत ढकललेली बाई म्हणून तू चारचौघांत उभी राहणार? उद्या दुकानात गिऱ्हाईक मला काय म्हणेल?"

"ढकललं असं कुठं सिद्ध झालंय? ती सुटली की."

"सुटली म्हणजे केलं नाही असं थोडंच असतं!"

"बघा, पुस्तक न वाचताच तुम्ही पण मत दिलं," दाक्षायणी म्हणाली.

सासूबाई सिद्धम्मा चुलीपाशी शेंगदाणे कुटत होत्या. त्यांना कानडी वाचता येई, मराठी नाही. पण दाक्षायणीनं भाकरी थापता थापता त्यांना अख्खी कादंबरी सांगितली होती, आणि उलटतपासणीच्या दिवशी त्यांनी तव्यावरची भाकरी करपू दिली होती. "इरली बिडप्पा," त्या लेकाला म्हणाल्या. असू दे रे. "खेळ हाय. आणि मला पुढं बसायला जागा ठेवायला सांग."

चनबसप्पानं तांब्या खाली ठेवला आणि पाय पुसले.

आता खरी पंचाईत सुरू झाली. पिंजऱ्यात उभं राहून राजाबाई बोलणार, तर राजाबाईला सगळं माहीत असायला हवं. आणि दाक्षायणीला काहीच माहीत नव्हतं. तिनं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आता एका डोळ्यानं वाचक होऊन आणि दुसऱ्यानं राजाबाई होऊन. विहिरीचा प्रसंग आला की लेखक सरळ माळावर सिदूकडे निघून जाई. कठड्यापाशी काय झालं, ते त्यानं कुठंही लिहिलेलं नव्हतं. राजाबाई विहिरीवर गेली होती की नाही, एवढंसुद्धा नक्की नव्हतं.

तिनं ईश्वरप्पांना विचारलं, "तिनं ढकललं असेल का हो?"

"आमच्या धंद्यात ते कुणी विचारत नाही, बाई. सिद्ध होतं का, एवढंच बघायचं."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

वकील हसले, मग म्हणाले, "खरं सांगू? मला दिवसा वाटतं नाही, आणि कोर्टात हरून आलो की वाटतं हो."

यानं काही भागलं नाही.

या सगळ्यात एक वाचक अशी होती जी अजून एक अक्षर बोलली नव्हती. वच्छलाबाई. माढ्याकडच्या एका खेड्यातून आलेली, नवरा सूतगिरणीत. नवऱ्याच्या वर्गणीवर तीच पुस्तकं नेई. चौथीपर्यंत शिकलेली होती आणि ओठ हलवत सावकाश वाचायची. तिनं 'विहिरीवरची साक्ष' नेलं, परत आणलं आणि पुन्हा तेच मागितलं. मग आणखी एकदा. ताट कुणाचं, हे तिनं कधी विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन आली तेव्हा वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. दाक्षायणीनं तिला बाकावर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, "वच्छलाबाई, तुम्हाला यात काय एवढं सापडलं? सगळे ताटाचं विचारतात, तुम्ही काहीच बोलत नाही."

वच्छलाबाई पदराशी चाळा करत बसली. "ताटाचं मला काय न्हाय बाई. मी ते कोर्टाचंच पुन्यांदा पुन्यांदा वाचते."

"का?"

"मी उबी ऱ्हायलेय कोर्टात."

दाक्षायणी चमकली. वच्छलाबाई घाईनं म्हणाली, "आरोपी न्हवं. साक्षीला. बांदावरनं भांडान झालं आमच्या गावात. माजा चुलतदीर, कोंडीबा, त्यानं एकाला मारलं. मानूस वाचला, पर केस झाली. मी बघितल्यालं. सरकारी वकिलानं मला इचारलं, कोंडीबाच्या हातात कुऱ्हाड हुती का? व्हय का न्हाय, तेवढंच सांगा. मी म्हनलं, व्हय. पर मला म्होरं सांगायचं हुतं की त्यो बाबळ तोडून येत हुता, कुऱ्हाड काय भांडायला आनली न्हवती. आन् पैला हात त्यानं उगारला न्हवता. तर म्हनले, जेवढं इचारलं तेवढंच बोला. मग म्होरला प्रश्न. मग म्हनले, जावा."

"आणि त्यांचा वकील? त्यानं नाही विचारलं?"

"त्यो दुसरंच कायबाय इचारत बसला. माजं निम्मं वाक्य तोंडातच ऱ्हायलं. कोंडीबाला सजा झाली. सुटून आला, आता बरा हाय. माज्यावर त्येचा राग न्हाय. पर मला अजून भाकरी करताना ते वाक्य आटवतं." तिनं पुस्तकावर हात ठेवला. "म्हनून मी बगते, ही बाई कुटं तरी बोलंल. दर बारीला वाटतं, ह्या खेपेला बोलंल. पर कोर्टात हिला कुनी इचारतच न्हाय, की बाई, तुला काय सांगायचंय?"

"विचारतात की. न्यायाधीश विचारतात. ती म्हणते, काही सांगायचं नाही."

"ते शेवटाला. समदं ठरल्यावर. तवा कोन बोलंल?"

वच्छलाबाई उठली, तेच पुस्तक पुन्हा काखेत मारलं आणि निघाली. दारात वळून म्हणाली, "तुमी उब्या ऱ्हानार म्हनं. मी येते बगायला."

रविवारी संध्याकाळी वाचनालयाचा वरचा हॉल भरला, जिना भरला आणि खाली रस्त्यावर सायकली टेकवून माणसं खिडकीकडे माना वर करून उभी राहिली. वर्तमानपत्रं ठेवायचे दोन बाक उभे करून पिंजरा केला होता. मडिवाळप्पा मास्तर काळा कोट घालून बसले होते आणि टेबलावर शाळेतली घंटा ठेवली होती. बायकांच्या बाजूला अगदी पुढं सिद्धम्मा इरकली लुगडं नेसून, पाय मुडपून बसल्या होत्या. चनबसप्पा मागं जिन्यापाशी उभा होता, वेळ पडली तर पटकन निसटता यावं अशा बेतानं.

भीमानं सिदूची साक्ष झोकात दिली. मेंढरांना हाकाही मारून दाखवल्या. बँकेच्या साहेबांनी सूर्याचा मुद्दा पुस्तकातल्यापेक्षा लांबवला. मग ईश्वरप्पा उठले, काळा गाऊन सावरला आणि म्हणाले, "आरोपी राजाबाई स्वतःहून साक्ष द्यायला तयार आहे."

जिन्यावरची कुजबुजसुद्धा थांबली.

दाक्षायणी पिंजऱ्यात उभी राहिली. उत्तरं तिनं ठरवली होती. विहिरीवर गेले नव्हते, भांडण झालं नव्हतं, ताट सवयीनं मांडलं. सगळं पुस्तकाला धरून, कुठंही न अडकणारं.

"त्या दिवशी दुपारी तुमचं आणि नवऱ्याचं भांडण झालं होतं. हो की नाही?"

"हो," दाक्षायणी म्हणाली, आणि तिलाच आश्चर्य वाटलं. हे तिनं ठरवलेलं नव्हतं.

"संध्याकाळी तुम्ही विहिरीवर गेला होता. हो की नाही?"

बँकेचे साहेब तिच्याकडे बघून मान हलवत होते, नाही म्हणा, नाही. तिला ते दिसलं. आणि त्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभी असलेली वच्छलाबाईही दिसली. तिचे ओठ हलत होते, वाचताना हलत तसे.

"हो. गेले होते."

हॉलमध्ये गलका उसळला. पुस्तकात जे कुणाला कळलं नव्हतं ते हिनं सांगून टाकलं होतं. मास्तरांनी घंटा वाजवली. ईश्वरप्पांचे डोळे चकाकले. आपल्या हाती एवढं लागेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

"नवरा पाण्यात पडल्यावर तुम्ही मदतीसाठी कुणालाही हाक मारली नाही. हो की नाही?"

दाक्षायणीनं पुन्हा भिंतीकडे, वच्छलाबाईकडे पाहिलं.

"हो की नाही?"

"साहेब, याला हो-नाही पुरायचं नाही. मला सांगू द्या."

"जेवढं विचारलं तेवढंच."

ती न्यायाधीशांकडे वळली. "मास्तर, तुम्ही इतकी वर्षं मुलांना सांगितलंत की उत्तर सविस्तर लिहा. मला पण तेवढं लिहू द्या."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो पुसला आणि म्हणाले, "आरोपीला बोलू द्या."

आणि मग दाक्षायणी बोलली. मागाहून तिला कुणी विचारलं तर तिला सगळं आठवतही नसे. तिला एवढंच जाणवत होतं की आपण बोलतोय खरं, पण ऐकतोय पण आपणच.

"ते भांडण दुपारी झालं. तसं रोजच होई. त्यांची हाक आली की हातातलं टाकून धावायचं, हे माझ्या अंगात मुरलं होतं. चुलीवर दूध असो, तव्यावर भाकरी असो. संध्याकाळी विहिरीवर आमची झटापट झाली. माझा हात त्यांना लागला का त्यांचा पाय शेवाळावरून सरकला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता यायचं नाही. ते खाली होते. त्यांनी हाक मारली. मला ऐकू आली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी जागची हलले नाही. किती वेळ, ते माहीत नाही. हलले तेव्हा हाक थांबलेली होती. ओरडले का नाही विचारता? तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही."

हॉलमध्ये कुणाची बांगडी वाजली तेवढीच. ईश्वरप्पांनी घसा साफ केला. आता त्यांचा आवाज मघासारखा चढा राहिला नव्हता. "आणि सुटून आल्यावर तुम्ही दोन ताटं मांडलीत. दुसरं कुणाचं?"

अख्खं वाचनालय श्रावणापासून हाच प्रश्न विचारत होतं. भीमा सिदूचं घोंगडं खांद्यावर तसंच ठेवून पुढं झुकला.

"मी सुटून आले तेव्हा आळीतली झाडून सगळी माणसं दाराशी जमली होती," दाक्षायणी म्हणाली. "कोर्टानं सोडलं हे सगळ्यांच्या कानावर होतं. पण उंबरा कुणी ओलांडला नाही. माझ्या हातचं पाणी कुणी मागितलं नाही. मी भाकरी केली आणि ताट मांडलं. जो आत येईल त्याचं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं."

पुढच्या रांगेतून सिद्धम्मा गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पिंजऱ्याकडे बोट करून मोठ्यानं म्हणाल्या, "ना उण्तीनि! मी येते जेवायला, बस तू!"

क्षणभर लोकांना काय करावं कळेना. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि हॉल दणाणला. जिन्यापाशी चनबसप्पानं आधी कपाळाला हात लावला आणि मग, इकडेतिकडे बघून, तोही टाळ्या वाजवू लागला.

ईश्वरप्पा मात्र वकील होते. "न्यायाधीश महाराज, हे पुस्तकात नाही! आरोपीनं पुराव्याबाहेरचं सांगितलं आहे!"

"पुस्तकात नव्हतं म्हणून तर आपण जमलो," मास्तर म्हणाले आणि घंटा वाजवून चिठ्ठ्या वाटायला सांगितल्या.

चिठ्ठ्या मोजून होईपर्यंत कुणी हललं नाही. निकाल ऐकून दाक्षायणीला आधी वाटलं, मास्तर चुकून उलटं वाचतायत. राजाबाई दोषी ठरली होती. थोड्याशा मतांनी, पण दोषी.

"बघा!" हवालदार म्हणाला. बँकेचे साहेब हताश होऊन दाक्षायणीला म्हणाले, "विहिरीवर गेले नव्हते एवढं म्हणाला असता तर आपण जिंकलो असतो हो."

टांग्यातून घरी जाताना चनबसप्पाही तेच म्हणाला. चांगला तळमळून म्हणाला. "कबूल का केलंस? त्या वकिलाकडं पुरावा काय होता? सूर्य होता डोळ्यावर!"

"तुम्ही काय लिहिलं चिठ्ठीत?"

"ते सांगायचं नसतं," तो म्हणाला आणि घोड्याकडे बघत बसला. सिद्धम्मा टांग्याच्या हेलकाव्यावर पेंगत होत्या.

त्यानंतर काही दिवस दाक्षायणीला बाजारात फिरणं अवघड झालं. भाजीवाली वांगी तोलता तोलता विचारी, "राजाबाई, खरंच हात लागला का वो?" मंगळवेढ्याची ज्वारी घेऊन बसणारा म्हातारा तिला बघून गमतीनं हात जोडी. चनबसप्पाच्या दुकानात गिऱ्हाइकं वाढली. चादर घेण्यापेक्षा ती त्याच्याकडे निरखून बघत, हा अजून जिवंत कसा, अशा नजरेनं. तो आधी वैतागला, मग त्यालाच मजा वाटू लागली.

वाचनालयात तर वाद थांबायच्या ऐवजी वाढला. आता लोक ताटाबद्दल नव्हे तर राजाबाईच्या साक्षीबद्दल भांडत. कुणी म्हणे, एवढं नीट बोलणारी बाई निरपराध नसते. कुणी म्हणे, खोटं बोलणारी बाई 'हाक ऐकू आली' हे कशाला सांगेल? कॉलेजातली मुलगी रागावली होती. तिचा सिदू मध्येच गळाला होता. आणि ज्यांनी पुस्तक वाचलंच नव्हतं ते आता ते वाचून येत आणि तक्रार करत, की बाई, त्यात तुमची साक्ष नाहीच की!

वच्छलाबाई त्या रविवारनंतर आली नाही. दाक्षायणी रोज दाराकडे बघे. तिला एक गोष्ट कुणाकडून तरी ऐकायची होती आणि ती दुसऱ्या कुणाला विचारता येत नव्हती.

शेवटी एका दुपारी, मिलचा भोंगा होऊन गेल्यावर, वच्छलाबाई आली. पुस्तक टेबलावर ठेवलं. दाक्षायणीनं शिक्का उचलला, पण मारला नाही.

"तुम्ही काय लिहिलंत चिठ्ठीत?"

वच्छलाबाईनं जरा आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "रागावू नगा. मी दोषी लिवलं."

दाक्षायणी बघतच राहिली. "तुम्ही? मला वाटलं तुम्ही तरी... मी तर तुमच्यासाठीच बोलले."

"म्हनूनच तर. त्येच्या आदी मला वाटायचं, तिनं काय केलं नसंल. तुमी बोलला आन् मला दिसलं की ती हितं उबी हाय आन् खालनं हाक येतीय. तिला जाता आलं असतं. ती न्हाय गेली. मग दोषी न्हवं तर काय म्हनायचं?"

"मग उगाच बोलले मी. गप्प राहिले असते तर सुटली असती."

"उगाच कसं?" वच्छलाबाई एकदम ठसक्यात म्हणाली. इतका ठसका दाक्षायणीनं तिच्यात कधी ऐकला नव्हता. "दोषी लिवलं ते लिवलं. पर जेवायला म्या बी गेले असते की तिच्याकडं. तुमची सासू आदी उटली म्हनून, न्हाय तर मीच उटनार हुते. तिचं समदं ऐकून घेतलं म्हनून मला दोन्ही करता आलं. न ऐकता नुसतं सुटलेली बाई असती, तर मी बी दारातच उबी ऱ्हायले असते."

दाक्षायणीच्या हातात शिक्का तसाच होता. बाहेरून सायकलच्या घंटीचा आवाज आला, कुणीतरी पायऱ्या चढत होतं. तिनं हळू आवाजात विचारलं, "आणि मला एक सांगा. तुम्हाला खरंच वाटतं, तिचा हात लागला?"

"ते तुमाला म्हाईत. तुमी हुता तितं."

"मला नाही माहीत, वच्छलाबाई. शप्पथ. मी रोज वाचते अजून."

वच्छलाबाई हसली. तिला हसताना दाक्षायणीनं पहिल्यांदाच पाहिलं. "वाचा मग. माजं झालं. मला आता दुसरं कायतरी द्या. कोर्टाचं नगं."

दाक्षायणीनं तारीख टाकली आणि उठून कपाटाकडे गेली. वच्छलाबाईही मागोमाग आली आणि पुस्तकांच्या पाठी एकेक करून, ओठ हलवत, मोठ्यानं वाचू लागली.